आधी पॅडल, मग निप्पल

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या एमजीच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. आपल्याकडच्या शोरूममधल्या आजच्या एमजीशी तिचं नातं अष्टकोनी चिन्हापुरतंच. यातल्या हजारो गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक बरीचशी दुरुस्ती स्वतःच करतात, कारण गाडी त्यासाठी सोयीची आहे. बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, सगळीकडे हात पोचतो. कार्ब्युरेटर, पॉइंट, टॅपेट ही कामं हौसेने होतात. ब्रेकमधली हवा काढायचं काम मात्र बहुतेकांना नकोसं वाटतं. अख्खी दुपार जाते, लिटरभर ब्रेक ऑइल जातं, पॅडल दाबायला बसवलेल्या माणसाचा पाय भरून येतो आणि एवढं करून पॅडल होतं तिथेच राहतं.

अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून हवा काढायला घेणं हा सगळ्यांत सोपा आणि बहुधा चुकीचा निर्णय. जुन्या गाडीचं पॅडल खोल जाण्यामागे निदान पाच-सहा कारणं असू शकतात. हवा हे त्यातलं एक. चाकाजवळच्या, हवा बाहेर काढायच्या निप्पलला पाना लावण्याआधी पॅडल काय सांगतंय ते कळलं, तर बरीच मेहनत वाचते आणि नको ती खरेदीही टळते.

मुळात हवा करते काय? पॅडल दाबल्याने मास्टर सिलिंडरचा पिस्टन सरकला की नळ्यांमधलं ऑइल तो दाब चाकापर्यंत नेतं. द्रव जवळजवळ दबतच नाही, हवा मात्र दबते. पाऊण इंच बोअरचा मास्टर सिलिंडर धरला, तर पिस्टन एक सेंटिमीटर पुढे गेल्यावर तीन घन सेंटिमीटरहूनही थोडं कमी ऑइल हलतं. नळीत कुठेतरी तेवढीच हवा, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतकी, अडकली असेल तर जोराचा ब्रेक मारताना ती दबून जवळपास नाहीशी होते आणि पिस्टनचा तो सेंटिमीटर तिच्यातच खर्ची पडतो. पॅडलची तरफ साधारण पाचपट धरली तर पायाखालचे पाच सेंटिमीटर गेले. गाडीचा वेग तेवढ्यात जराही कमी झालेला नसतो.

ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली घेतलं. विमानं बनवणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी हाच. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. ब्रिटनमध्ये त्याच नावाचे ब्रेक लेमिंग्टन स्पा इथल्या ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीने बनवले आणि एमजीबीवर तेच बसले. सुरुवातीच्या एमजीबीत चारही चाकांना मिळून एकच सर्किट होतं. एखादी नळी कुठेही फुटली की चारही ब्रेक गेले. उरला तो तारेवर चालणारा हँडब्रेक. म्हणून या गाडीत ब्रेकचं काम अर्धवट सोडून ‘जवळच्या जवळ जाऊन येऊ’ म्हणणं परवडत नाही.

आता पॅडलकडे. इंजिन बंद ठेवावं, पायाच्या जोराला व्हॅक्यूमची मदत देणारा सर्वो असेल तर पॅडल चार-पाचदा दाबून त्यातला व्हॅक्यूम संपवावा आणि मग सावकाश, एकाच वेगाने दाबून बघावं.

पॅडल स्पंजी लागत असेल, म्हणजे दाबत जावं तसं पायाला लवचीकपणे ढकलत असेल आणि ‘इथे थांबलं’ अशी ठाम जागाच सापडत नसेल, तर संशय हवेवर. पहिल्या दाबाला पॅडल खोल, लगेच दुसऱ्या दाबाला वर आणि टणक, असं असेल तर मामला बहुधा वेगळा. मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. पहिला दाब ते अंतर भरून काढण्यात जातो. शू मागे सरकण्याआधी दुसरा दाब दिला की पॅडल वर लागतं. हवेमुळेही दुसऱ्या दाबाला पॅडल थोडं वर येतं, पण त्यातला लवचीकपणा जात नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा. पॅडल टणक लागतं, पण पाय तसाच दाबून धरला की मिनिटभरात हळूहळू फरशीकडे जातं. ऑइल कुठेतरी बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून मागे सरकतंय. इथे हवा काढून काही होणार नाही. रबरांचं किट टाकावं लागेल किंवा सिलिंडर बदलावा लागेल, आणि बोअरला गंजाचे खड्डे असतील तर नुसत्या किटवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आणखी एक लक्षण गाडी चालवतानाच कळतं. उभ्या गाडीत पॅडल उत्तम, पण वळणावळणाचा किंवा खडबडीत रस्ता पार केल्यावर पहिला ब्रेक खोल जातो. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तर ती फिरता फिरता पॅडना मागे ढकलते. पॅड परत डिस्कला टेकेपर्यंत पॅडल खोल जातं. चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं की खेळ हाताला जाणवतो.

एमजीबीसारख्या साध्या गाडीत दोष नेमका कुठे आहे हे शोधायची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. हिला रबरी होज तीनच: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला मिळून एक. गोल जबड्यांचे होज क्लॅम्प मिळतात, ते तिन्हींवर लावावेत. पॅडल आता वर आणि दगडासारखं टणक लागलं तर मास्टर सिलिंडर आणि तिथपर्यंतच्या नळ्या ठीक आहेत. मग एकेक क्लॅम्प सोडून बघावा. ज्या होजचा क्लॅम्प सोडल्यावर पॅडल खाली जाईल, दोष त्या बाजूला. साध्या पकडीने होज चेंगरू नये. आतला थर फाटतो. आणि होजचं वय माहीत नसेल, तिच्यावर भेगा दिसत असतील, तर ही परीक्षा झाल्यावर तिन्ही होज बदलूनच टाकाव्यात. जुनी होज आतून फुगते तेव्हा ऑइल जोराने पुढे जातं, पण परत येताना अडतं. मग पाय काढला तरी ब्रेक धरलेलाच राहतो आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या बिचाऱ्या कॅलिपरवर नाहक आळ येतो.

क्लॅम्प सोडता सोडता बोट मागच्या ॲक्सलकडे गेलं, तर आधी मागचे ब्रेक ॲडजस्ट करावेत. एमजीबीचे मागचे ड्रम आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर असतो आणि तो बहुतेक गाड्यांत गंज आणि मातीने भरलेला सापडतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, मागची बाजू उचलून ॲक्सल स्टँडवर घ्यावी, हँडब्रेक सोडावा. मग ॲडजस्टर आवळत ड्रम पूर्ण जाम करावा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक खाच मागे घ्यावा. एकदा जोरात ब्रेक दाबून शू मध्यावर आणावेत आणि पुन्हा तपासावं. चौकोनी डोक्यावर साधा पाना चालवला की कोपरे जातात. त्यासाठी खास ब्रेक ॲडजस्टर पाना मिळतो, तो घ्यावा. अनेक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं, निप्पलला हात न लावता.

ड्रम काढलाच, तर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बंद करून टाकावं.

पुढच्या कॅलिपरचा एक घोटाळा तर असा आहे की कितीही लिटर ऑइल ओतलं तरी सुटत नाही. कॅलिपर ओव्हरहॉल करून बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला जातो. बोल्ट बसतात, होज लागते, सगळं बरोबर दिसतं. फक्त निप्पल खालच्या बाजूला येतो. हवा वर जाते, निप्पल खाली, म्हणजे कॅलिपरच्या वरच्या पोकळीतली हवा कधीच बाहेर येणार नाही. नव्याने जोडलेल्या गाडीत काम सुरू करण्याआधी चारही चाकांकडे फक्त एवढंच बघून घ्यावं: निप्पल त्या भागाच्या सगळ्यांत वरच्या टोकाला आहे ना?

हे सगळं तपासून झाल्यावर हवा काढायची असं ठरलं, की पहिला प्रश्न ऑइल कोणतं. एमजीबीसाठी आज डॉट ४ घ्यावं. त्याचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सियस. डॉट ३ चा २०५. दोन्ही ग्लायकॉल जातीची आणि दोन्ही हवेतला ओलावा शोषतात. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ४ चा उत्कलनबिंदू १५५ वर येतो, डॉट ३ चा १४० वर. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत हे लवकर होतं. डबा अर्धवट वापरून कपाटात ठेवला तर त्यातही होतं, त्यामुळे दर वेळी सीलबंद डबाच उघडावा आणि गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ऑइल बदलावं.

या आकड्यांचा अर्थ घाटात कळतो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला तर कॅलिपरमधलं ऑइल उकळू शकतं. वाफ हवेसारखीच दबते, पॅडल एकाएकी खाली जातं. गाडी तासभर थांबवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पॅडल पूर्ववत होतं, आणि ‘मघाशी काय झालं कुणास ठाऊक’ म्हणत माणूस पुढे निघतो. जॅग्वार आणि डनलॉप यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर डिस्क ब्रेकच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ऑइल उकळणं ही त्यांच्यापुढचीही मोठी अडचण होती. ती सोडवल्यावर १९५३ साली टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल मानची चोवीस तासांची शर्यत ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. डिस्क ब्रेकनेही त्या विजयात आपला वाटा उचलला होता. घाटात खालचा गिअर आणि ताजं ऑइल, हा उपाय मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

डॉट ५ ही वेगळीच जात, सिलिकॉनची, जांभळ्या रंगाची. ती पाणी शोषत नाही आणि गाडीच्या रंगाला इजा करत नाही, म्हणून वर्षातून दोनदा रॅलीत उतरणाऱ्या गाड्यांचे मालक तिच्या प्रेमात असतात. पण तिच्यात बारीक बुडबुडे सहज मिसळून राहतात, पॅडल जरा मऊ लागतं आणि ग्लायकॉलमध्ये ती मिसळून चालत नाही. बदलायचीच असेल तर सगळी यंत्रणा धुऊन, रबरं नवी घालून. नियमित चालणाऱ्या गाडीला डॉट ४ च बरं. नावावरून गोंधळ होतो तो डॉट ५.१ बद्दल. ते सिलिकॉन नाही, ग्लायकॉलच आहे आणि डॉट ४ बरोबर चालतं. सित्रोएन डीएससारख्या गाड्यांचं हिरवं खनिज तेल किंवा इंजिन ऑइल, स्टीअरिंग ऑइल यांचा थेंबही इथे नको. रबरं फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

ग्लायकॉल रंग खातं. एमजीबीच्या मास्टर सिलिंडरखालचा रंग उडालेला नसेल अशी गाडी सापडणं कठीण. विंगवर जाडसर कापड, जवळ पाण्याची बादली. सांडलं तर नुसतं पुसू नये, आधी भरपूर पाणी ओतावं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण निप्पलमधून उडालेलं ऑइल नेमकं तोंडाच्या उंचीवर येतं.

निप्पल सुटणं हीच कधी कधी खरी लढाई असते. दोन-तीन दिवस आधी तारेच्या ब्रशने घासून, बाहेरून गंज सोडवणारं तेल लावून ठेवावं. या गाडीचे नटबोल्ट इंचातले; जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की डोकं गोल झालंच समजा. सहा कोनांचा रिंग पाना किंवा सॉकेट वापरावं. अडलेल्या निप्पलच्या पोकळीत नेमक्या मापाच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी घातली तर पान्याच्या जोराने निप्पल आत चेपत नाही. थोडं आवळून मग सोडावं, हलकेच ठोकावं, पुन्हा बघावं. तुटलाच तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर काढण्यावाचून इलाज नाही. म्हणून मागचे व्हील सिलिंडर जुने असतील तर बरेच जण निप्पलशी झगडण्याऐवजी सरळ नवे बसवतात, आणि त्यात शहाणपण आहे.

दोन माणसांची पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येते: ‘मार... मार... मार... धर!’ गाडीखालचा मिस्त्री ओरडतो, आत बसलेला पोरगा पाय हलवतो. एमजीबीवर ती थोडी सांभाळून करावी लागते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून. उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या गाडीत ते डावं मागचं. डाव्या हाताच्या गाडीत उजवं मागचं. मग क्रमाने जवळ येत शेवटी मास्टर सिलिंडरशेजारचं पुढचं चाक. निप्पलवर पारदर्शक नळी घट्ट बसवावी आणि तिचं दुसरं टोक बरणीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवावं, निप्पलपेक्षा वरच्या उंचीवर वळसा देऊन. ‘दाब’ म्हटल्यावर आतल्या माणसाने हलका दाब द्यायचा, तेव्हा निप्पल अर्धा फेरा सोडायचा. पॅडल सावकाश खाली गेलं की ‘धर’. निप्पल बंद केल्यावरच ‘सोड’. हा क्रम उलटला की बाहेर काढलेली हवा पुन्हा आत शिरते. दोन दाबांमध्ये दोन-तीन सेकंद थांबावं, म्हणजे मास्टर सिलिंडर भरायला वेळ मिळतो. घाईघाईने पंप मारले की मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर होतात, आणि ते काढायला संध्याकाळ होते.

पॅडल कधीही पार फरशीपर्यंत दाबू देऊ नये. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो. पुढच्या, कधीच न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसलेला असतो. पिस्टनचं रबर त्यावरून घासलं की फाटतं, आणि हवा काढायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडर गमावून बसते. पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. मास्टर सिलिंडर नवा असेल तर हे बंधन नाही. तो मात्र गाडीत बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, भरून, त्यातली हवा काढूनच जोडावा.

सुरुवातीच्या गाड्यांचा मास्टर सिलिंडरचा डबा लहान आणि पत्र्याचा असतो, आत किती उरलंय ते बाहेरून दिसत नाही. शेजारी तसाच क्लचचा. दर पाच-सहा दाबांनंतर झाकण उघडून भरावं. एकदा जरी तो रिकामा झाला तरी हवा वरून आत जाते आणि मागच्या लांबच्या चाकापासून पुन्हा श्रीगणेशा. झाकणाला एक बारीक भोक असतं, तेही मोकळं आहे ना पाहावं. निप्पलमधून स्वच्छ, फिकट, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाक चालू ठेवावं. कॅलिपरला लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं तर आत भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. सगळं जुनं ऑइल बदलायचं असेल तर लिटरभर पुरतं. बरणीत जमलेलं परत वापरायचं नाही आणि गटारातही ओतायचं नाही.

मदतीला माणूस नसेल तर? दाबाने ऑइल ढकलणारी किट मिळतात. त्यात स्पेअर चाकातल्या हवेच्या जोरावर बाटलीतलं ऑइल मास्टर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. चाकातली हवा आधी कमी करून २० पीएसआयच्या खाली आणावी आणि पहिल्यांदा बाटलीत ऑइल न घालता नुसती हवा सोडून झाकण गळतंय का ते पाहावं. पत्र्याच्या डब्यावर झाकण नीट बसलं नाही तर सगळं ऑइल बॉनेटखाली फवारलं जातं. ही पद्धत एकट्या माणसासाठी सगळ्यांत चांगली, कारण मास्टर सिलिंडरचा पिस्टन हलतच नाही. निप्पलकडून व्हॅक्यूम पंपाने ओढायची पद्धत मात्र डोकं खाते. निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, नळीत बुडबुडे दिसतच राहतात, आणि आत खरोखर काही उरलंय की नाही ते समजत नाही.

क्लचमधली हवा काढायला मात्र उलटा मार्ग चांगला: गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरच्या निप्पलमधून मोठ्या सिरिंजने ऑइल वर ढकलावं. हवेला वर जायला आवडतं, तिला त्याच दिशेने जाऊ द्यावं.

अमेरिकेत १९६८ पासून दुहेरी सर्किटची सक्ती झाली, त्यामुळे तेव्हापासून तिकडे गेलेल्या एमजीबी दोन सर्किटच्या आहेत. त्यांत दोन्ही बाजूंच्या दाबाची तुलना करणारा एक छोटा पिस्टन असतो. एका बाजूचा दाब पडला की तो सरकतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. हवा काढताना तो सरकणं साहजिकच आहे. काही गाड्यांत त्यावरचा स्विच आधी काढून ठेवला नाही तर सरकणारा पिस्टन त्याची दांडी मोडतो. काम झाल्यावर दिवा जात नसेल तर पिस्टन मध्यावर आलेला नाही. दुसऱ्या बाजूचा निप्पल जरासा सोडून पॅडल अगदी हळू दाबलं की तो परततो. क्रमाबाबतही दुहेरी सर्किटच्या गाडीत त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलचंच ऐकावं.

गाडी बदलली की त्रासाची जागाही बदलते. जॅग्वार ई-टाइपमध्ये मागच्या डिस्क चाकांत नसून आत डिफरेन्शियलला चिकटून आहेत. तिथल्या निप्पलपर्यंत हात नेणं हेच अर्धं काम. ट्रायम्फ स्पिटफायर याउलट सोपी. ती ट्रायम्फ हेराल्डच्या पायावर बांधलेली, आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनत होती. हेराल्डवर हात बसलेला जुना मिस्त्री कुणाला मुंबई-पुण्यात भेटलाच, तर स्पिटफायरखाली तो गोंधळणार नाही.

सगळं करून पॅडल अजूनही किंचित मऊ असेल तर एक जुना तोडगा आहे. पॅडल जोरात दाबून ते आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी काठी काढून पुन्हा एकदा थोडं ऑइल काढायचं. कित्येक गाड्यांत फरक पडतो. मात्र सुरुवातीच्या एमजीबीत ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे आधी इग्निशन बंद आहे ना ते पाहावं. नाहीतर सकाळी ब्रेक मिळतील आणि स्टार्टर मिळणार नाही.

गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी प्रत्येक निप्पल बंद आहे ना हे हाताने तपासावं आणि त्यावर रबरी टोपी बसवावी. आतली वाट मातीने बुजली की पुढच्या खेपेला हाच त्रास पुन्हा. मग पॅडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावं आणि तेवढ्यात दुसऱ्याने चारही चाकांमागे, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहावा. सर्वो असलेल्या गाडीत पॅडल दाबून धरून इंजिन सुरू केलं की पॅडल थोडंसं खाली जातं, तो बिघाड नव्हे. सर्वो चालू असल्याची खूण. पहिली चाचणी सपाट, रिकाम्या जागेत, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा नव्हे, विरुद्ध बाजूचा कॅलिपर आधी संशयाने पाहावा. बहुधा तो काम करत नसतो.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर तीन जागा पाहायच्या. चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर ओली रेघ आहे का, डब्यातली पातळी उतरली आहे का, आणि चालकाच्या पायाजवळचा गालिचा उचलून पॅडलच्या वर, जिथून मास्टर सिलिंडरची दांडी येते तिथे, बोट फिरवून ओल लागते का. मागच्या रबरातून गळणारं ऑइल बॉनेटखाली दिसत नाही. ते पॅडलवरून खाली उतरतं आणि गालिच्यात मुरतं.